दहावीचा फॉर्म, दाखल्यावरचं जुनं नाव आणि गुरूंचा नकार

पत्र (थोडं कमी केलंय, ओळख कळेल असं काढून टाकलंय):

"ताई नमस्कार. मी तृतीयपंथी आहे, वय २९. सातारला गुरूंच्या डेऱ्यावर राहते, गाव कोरेगाव तालुक्यात. नववीत शाळा सोडली, सोडली म्हणजे सुटलीच, पोरं मुतारीत कोंडायची आणि सर म्हणायचे तूच नीट चाल. नंतर घर पण सुटलं. आता राजवाडा, पोवई नाका, एसटी स्टँड इकडं मंगतीला, म्हणजे पैसे मागायला जाते. मला दहावीची परीक्षा द्यायचीय, १७ नंबर फॉर्म असतो असं ऐकलंय. पण दाखल्यावर मुलाचं नाव आहे. साडी नेसून परीक्षेला गेले तर मला कुठं बसवतील, झडती कोण घेणार, सगळे बघत बसणार. गुरू म्हणतात शिकून काय कलेक्टर होणारेस. डेऱ्यातल्या सगळ्यांचे आधारचे, बँकेचे फॉर्म मीच भरते मोबाईलवर, तरी मी अडाणीच. आई चोरून फोन करते, वडलांना माहीत नाही. खरं सांगा ताई, या वयात दहावी करून माझ्यासारखीला काही उपयोग होणारे का, का उगी मनाचं समाधान? नाव छापू नका."

अगं, आधी उत्तर देऊन टाकते, बाकीचं मग बोलू. भर फॉर्म, आणि याच वर्षी भर. पुढच्या वर्षी बघू म्हणशील तर पुढच्या वर्षी पण दाखला तोच, गुरू त्याच, बघणारी लोकं तीच, फक्त तू तीस वर्षांची झालेली असशील.

आता उपयोगाचं. खरं सांगा म्हणलीस म्हणून खरंच सांगते, दहावी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी नोकरी घेऊन दारात उभं राहणार नाहीये आणि ज्या दुकानात आज तुला हाड-हुड करतात तिथं लगेच अहो-जाहो सुरू होईल असंही नाही. शिकलं की सगळे आपोआप मान देतात असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं होत नाही. मानबी बंदोपाध्याय यांचंच बघ, बाई पीएचडी झालेल्या, २०१५ साली पश्चिम बंगालमध्ये कृष्णनगरच्या महिला कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, देशातल्या पहिल्या तृतीयपंथी प्राचार्य म्हणून सगळीकडं बातम्या आल्या, आणि २०१६ संपता संपता त्यांनी राजीनामा लिहून दिला, स्टाफ सहकार्य करत नाही म्हणून. एवढ्या शिकलेल्या बाईंना हे चुकलं नाही तर तुला मला कुठून चुकणार. पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. इथं पटत नाही म्हणून उठून जायची सोय त्यांना होती, डिग्री त्यांच्याबरोबर होती. तुला आज ती सोय नाही. उद्या गुडघे दुखायला लागले, पावसाळ्यात बाजार बसला, गुरूंशी काही बिनसलं, तर पोवई नाका सोडून तू जाणार कुठं? मला तुझी काळजी वाटते ती इथं वाटते.

आणि तुझ्या पत्रातली एक ओळ आहे ती तू अशीच लिहून गेलीस, डेऱ्यातल्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरते म्हणून. अगं हे केवढं मोठं काम आहे! आधारला पत्ता बदलायचा, बँकेचं केवायसी, ओटीपी आला तो कुणाचा, फोटो केबीमध्ये बसवायचा, हे करताना शिकली-सवरलेली माणसं रडकुंडीला येतात आणि ई-सेवा केंद्रात शे-दोनशे रुपये देऊन मोकळी होतात. तू ते फुकट करतेस आणि वर स्वतःला अडाणी म्हणवून घेतेस. आता ऐक, सीएससी सेंटर म्हणतात ना, पॅन कार्ड, विमा, लाईट बिल वगैरे कामं जिथं होतात, ते चालवायला माणूस १८ वर्षांचा पूर्ण आणि दहावी पास लागतो. तुझं अडलंय ते फक्त दुसऱ्या अटीवर. मी तुला हेच कर म्हणत नाहीये, पण काय उपयोग असं विचारलंस तर हा एक उपयोग तुझ्या हातात आधीपासूनच असलेल्या कामातनं निघतो. दुसरं म्हणजे आयटीआय, तिथं वयाची वरची अट नसते, आणि बऱ्याच ट्रेडना दहावीचं मार्कशीट मागतात. पोलीस भरतीचं मात्र मनात असेल तर वयाचं गणित जमणं अवघड आहे, ते आत्ताच सांगून ठेवते, त्याला बारावी लागते आणि तोपर्यंत तुझं वय निघून जायची शक्यता आहे. पण तो रस्ता उघडला हे माहीत असू दे, २०२२ साली मॅट (सरकारी नोकरीच्या तक्रारी ऐकणारं राज्याचं न्यायाधिकरण) आणि मग मुंबई हायकोर्टानं राज्य सरकारला तृतीयपंथी उमेदवारांसाठी भरतीत सोय करायला लावली, आणि त्यासाठी कोर्टात गेलेल्यांमध्ये आपल्याच जिल्ह्यातली एक मुलगी होती. तुझ्या डेऱ्यात कोणी विशीतली असेल तर तिला हे जरूर सांग.

बरं, आता नाव. तुझी सगळ्यात मोठी अडचण ही आहे हे कळतंय मला. दाखल्यावरचं ते नाव परत उच्चारायचं, परत लिहायचं, हॉल तिकिटावर बघायचं, याचा त्रास बाहेरच्याला कळणार नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे, कागद नीट व्हायची वाट बघत परीक्षा थांबवू नकोस. मी असं होताना बघितलंय, आधी गॅझेट करू, मग आधार, मग दाखला, मग परीक्षा, असं करत करत चार वर्षं जातात आणि मग अभ्यासाचा उत्साहच राहत नाही. दोन्ही कामं बरोबर चालू ठेव. परीक्षेचा फॉर्म आज जो दाखला आहे त्याच्यावर भरून टाक, आणि दुसरीकडं तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज कर. ते प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, २०१९ च्या कायद्याप्रमाणं, अर्ज केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाईन होतो. ते हातात आलं की त्याच्या आधारावर बाकीच्या कागदांवरचं नाव बदलून मागता येतं, आणि २०२० च्या नियमांना जी यादी जोडलीय तिच्यात शाळा-बोर्डाची सर्टिफिकेटं पण आहेत. म्हणजे आज जुन्या नावानं पास झालीस तर ते नाव जन्मभर चिकटलं असं नाही. फक्त एक कर, हे नियम मध्येच बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी समाज कल्याणच्या ऑफिसात जाऊन सध्या काय काय लागतं ते विचारून घे, किंवा कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथं सल्ल्याला पैसे पडत नाहीत, फोनवर विचारायचं तर १५१००. यूट्यूबवर कोणीतरी दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या व्हिडिओवर विसंबू नकोस.

१७ नंबरचं कसं असतं ते सांगते. हा फॉर्म बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी, बोर्डाच्या साईटवर ऑनलाईन भरायचा, साधारण पावसाळ्यात सुरू होतो आणि तारीख संपली की लेट फी लागते, म्हणून जूनपासनंच लक्ष ठेव. नववी अर्धवट सुटली म्हणून अडत नाही. फॉर्म भरताना जवळच्या शाळांची यादी येते, त्यातली एक निवडायची, मग कागद तिथं जाऊन द्यायचे. आणि इथं बरेच जण चुकतात म्हणून नीट वाच, ही झाली फक्त नावनोंदणी, परीक्षेचा फॉर्म नंतर वेगळा भरायचा असतो. पहिला भरून निवांत बसलेले आणि मग फेब्रुवारीत शाळेच्या ऑफिससमोर रडणारे मी दरवर्षी बघायचे. आपला सातारा, सांगली, कोल्हापूर मिळून कोल्हापूर विभागीय मंडळ आहे, शाळेनं टोलवाटोलवी केली तर तिथं लेखी अर्ज करता येतो.

कागदात मुख्य लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो तुझ्या गावच्या शाळेत आहे. तू पत्रात हे लिहिलं नाहीस पण मला वाटतं तू अडून बसलीस ती इथंच. ज्या शाळेत मुतारीत कोंडलं तिथं परत जाऊन ऑफिसात उभं राहायचं, क्लार्क वर-खाली बघणार, गावात बातमी फुटणार, वडलांपर्यंत जाणार. तर तू जाऊच नकोस. आईला सांग. ती चोरून फोन करते म्हणतेस ना, मग तिला काय करू हे कळत नसणार बिचारीला, नुसतं जेवलीस का विचारून फोन ठेवत असेल. तिला काम दे. तुझ्या सहीचा अर्ज आणि आधारची झेरॉक्स पाठव, तिला म्हणावं हेडमास्तरांकडं जा आणि दाखला घेऊन ये, मूळ कुठं हरवला असेल तर दुसरी प्रत मिळते, त्याला प्रतिज्ञापत्र लागतं. कदाचित ती घाबरेल, नाही म्हणेल, तसं झालं तर अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. पण आधी तिला विचार. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव वेगळं छापून येतं, माहितीये ना? ते तिला फोनवर सांग.

आता बसवतील कुठं. अगं, नंबर येईल त्या बेंचवर बसवतील, बाकी कुठं? मी बरीच वर्षं हायस्कूलला होते, मार्चमध्ये १७ नंबरवाल्यांच्या हॉलवर सुपरव्हिजनला पण असायचे, त्या हॉलमध्ये कोण असतं ते सांगते. मार्केट यार्डातला हमाल असतो, त्याचं पेन त्याच्या बोटात दिसतच नाही. लग्न करून शाळा सुटलेली बाई असते, बाहेर सासू बाळाला घेऊन झाडाखाली बसलेली असते आणि बाळ रडलं की ही लिहिता लिहिता थांबते, कान देते, परत लिहायला लागते. हॉटेलात कामाला असणारा पोरगा असतो, रात्रपाळी करून आलेला, पहिल्या तासात त्याचे डोळे मिटायला लागतात. एकदा पुढच्या बेंचवरच्या मावशींनी मला हळूच विचारलं, मॅडम पुरवणी बांधायचा दोरा तुमच्याकडं मिळतो का आम्ही घरनं आणायचा. तो हॉल रेग्युलर पोरांच्या हॉलसारखा नसतो. तिथं प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलं असतं आणि पेपर हातात पडला की प्रत्येकाला आपल्या पेपरचंच पडलेलं असतं. पहिल्या दिवशी बघतील तुझ्याकडं, बघणारच. दुसऱ्या पेपरला कमी बघतील. भूमितीच्या पेपरला कोणी बघणार नाही.

पण नशिबावर सोडू नकोस. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी केंद्रसंचालकांना एक अर्ज दे, साधा, एक पान. मी तृतीयपंथी उमेदवार आहे, माझा नंबर हा, बसायची व्यवस्था नंबरप्रमाणंच असावी, तपासणी महिला शिक्षिकेनं करावी, आणि मी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं ते आधी सांगून ठेवावं. ओळखपत्र आलं असेल तर त्याची झेरॉक्स जोड, नसेल आलं तर अर्जाची पोच जोड. आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांचा सही-शिक्का घ्यायला विसरू नकोस. त्यांना हे उपकार म्हणून मागायचं नाहीये. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये तुम्हा लोकांना बरोबरीचे नागरिक म्हणून मान्य केलंय, आणि २०१९ चा कायदा शिक्षणात भेदभाव करायला सरळ मनाई करतो. अर्जात या दोन ओळी लिही. कायद्याचं नाव दिसलं की ऑफिसातली माणसं जरा सरळ वागतात, हा माझा अनुभव आहे.

आणि राजवाड्याजवळ तू रोज जातेस म्हणून एक सांगावंसं वाटतं. तिथं जुन्या राजवाड्यात जे प्रतापसिंह हायस्कूल, त्या शाळेच्या रजिस्टरला ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या पोराला वर्गात बाकीच्यांबरोबर बसू देत नव्हते, कोपऱ्यात वेगळं बसायचं, स्वतःचं गोणपाट घरनं आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण झाडणारा माणूस पण त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. मला कुठं बसवतील हा प्रश्न याच सातारला आधी एका पोराच्या वाट्याला येऊन गेलाय. पुढं त्यानं देशाचा कायदा लिहिला. आज तुला वेगळं बसवायला गेले तर तो कायदा तुझ्या बाजूनं उभा राहील, त्या पोराच्या बाजूनं तेव्हा काहीच नव्हतं.

गुरूंचं काय करायचं. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. घरच्यांनी बाहेर काढलं तेव्हा ज्यांनी जेवायला घातलं, त्यांचा शब्द तुला जड जाणार, आणि जावा पण. त्यांना कदाचित भीती वाटत असेल की ही शिकली की जाणार, म्हातारपणी आपल्याला कोण. ते उघड बोलता येत नाही म्हणून मग कलेक्टर होणारेस काय असं बाहेर पडतं. म्हणून भांडून डेरा सोडू नकोस. हे मी तुला अगदी कळकळीनं सांगते, कारण छप्पर गेलं की अभ्यास पहिला जातो. २०१७ ला कोची मेट्रोनं तृतीयपंथी कर्मचारी घेतले होते, केवढं कौतुक झालं, आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या काही जणींनी नोकरी सोडली, का तर शहरात त्यांना भाड्यानं खोलीच कोणी देईना. नोकरी होती, पगार होता, राहायला जागा नाही. तर गुरूंना सांग, मंगती बंद करत नाही, रोज सकाळचे दोन तास मला द्या, फक्त परीक्षेच्या महिन्यात जास्त सुट्टी लागेल. आणि डेऱ्याच्या लाईट बिलावरचं, बँकेच्या नोटिशीवरचं त्यांना वाचून दाखवतेस ना, ते आणखी नीट करता येईल म्हणावं. ऐकतील असं वाटतं. पहिल्या दिवशी नाही ऐकणार.

आणि मंगती करत शिकायची लाज वाटून घेऊ नकोस. आपल्या सातारला कर्मवीर अण्णांनी कमवा आणि शिका हे उगीच सुरू केलं नव्हतं, पोरं रानात कामं करून, दगड फोडून शिकलीत इथं. तुझ्या कामाकडं लोक कसं बघतात हा लोकांचा प्रश्न, त्या पैशातनं तू वही घेतलीस तर ती वहीच आहे.

अभ्यासाचं थोडक्यात. पुस्तकं विकत घेऊ नकोस लगेच, बालभारतीच्या साईटवर दहावीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मराठी आणि इतिहासानं सुरुवात कर, वाचायची सवय परत लागू दे, गणित पहिल्याच आठवड्यात उघडलंस तर पळून जाशील. गणिताला जमलं तर माणूस शोध, एखादा कॉलेजचा पोरगा, रिटायर्ड सर, आठवड्यातनं दोनदा तास-दीड तास. आणि एखाद-दुसरा विषय राहिला तर जग बुडत नाही, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं. हे आधीच सांगते म्हणजे निकालाच्या दिवशी एखाद्या विषयात लाल रेघ दिसली म्हणून तू सगळं फेकून देणार नाहीस.

पुढचं पुढं बघू, पण वाट कुठवर जाते ते माहीत असावं म्हणून लिहिते. केंद्राच्या स्माईल योजनेत तृतीयपंथी विद्यार्थ्यांना नववीपासून पदव्युत्तरपर्यंत शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १३,५०० रुपये, त्याला ते ओळखपत्र लागतं, अकरावीला ॲडमिशन घेतलंस की समाज कल्याणमध्ये विचार. बारावीनंतर कॉलेजात रोज जायचं नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, इग्नूनं तर २०१७ पासनं तृतीयपंथी विद्यार्थ्यांची फी माफ केलीय. आणि रेग्युलर कॉलेजला गेलीस आणि कोणी छळलं तर यूजीसीच्या नियमात २०१६ पासनं तृतीयपंथी म्हणून त्रास देणं हे सरळ रॅगिंगमध्ये धरलंय, १८००-१८०-५५२२ ला फोन करायचा. नववीत तुझ्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं.

या आठवड्यात दोनच कामं कर. आईला फोन करून दाखल्याचं सांग, आणि समाज कल्याणमध्ये जाऊन ओळखपत्राला काय काय लागतं ते वहीत लिहून आण. फॉर्म भरायला बसशील तेव्हा एकटीनं बसू नकोस, डेऱ्यातल्या दोघी-तिघींना पण विचार, आठवी-नववीत सुटलेली तू एकटीच नसणार तिथं. शाळेनं कागद घ्यायला नाही म्हटलं तर शाळेचं नाव आणि तारीख घालून मला लगेच लिही, छापणार नाही, पण अर्ज कसा करायचा ते मी तुला लिहून देईन.

तुझी ताई